चर्चच्या तळघरात सुरू झालेली एकी

घरातला कमावता पुरुष अकाली गेला की त्या घराचे काय होते, हे आपल्या धर्मग्रामांतील कोणत्याही वृद्ध आजीला विचारावे. दफनविधी आटोपतो, सातव्या दिवसाची मिस्सा होते, पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि मग चुलीपुढे बसलेली ती बाई आणि तिची लेकरे एवढेच मागे उरतात. सांत्वनाचे शब्द खरे असतात, परंतु त्यांनी पेजेचे आधण येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका तरुण सहायक धर्मगुरूसमोर हा प्रश्न वारंवार येऊन उभा राहत होता. त्याने शोधलेल्या तोडग्यातून 'नाइट्स ऑफ कोलंबस' म्हणजे 'कोलंबसचे शिलेदार' ही कॅथॉलिक पुरुषांची सेवासंघटना जन्माला आली. आज तिचे वीस लाखांहून अधिक सभासद आहेत. अमेरिका, कॅनडा किंवा फिलिपिन्समध्ये स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांकडून काही वाचकांनी तिचे नाव ऐकले असेल. तिकडच्या चर्चच्या आवारात रक्तदानाचे शिबिर भरवणारी, थंडीत गरीब मुलांना कोट वाटणारी, पूरग्रस्तांना मदत पोहोचवणारी ती हीच मंडळी.

या संघटनेने आरंभापासून जी तत्त्वे स्वीकारली त्यांत 'परोपकार' आणि 'ऐक्य' ही दोन मुख्य होत. परोपकाराचा अर्थ फारसा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ऐक्याचे तसे नाही. कोणाचे कोणाशी ऐक्य, हा प्रश्न या संघटनेला प्रत्येक पिढीत नव्याने विचारला गेला आणि तिने दिलेली उत्तरे नेहमीच अभिमानास्पद होती असे नाही. म्हणूनच हा इतिहास वाचण्यासारखा आहे असे आम्हांस वाटते.

मायकल मॅकगिव्हनी यांचा जन्म १२ ऑगस्ट १८५२ रोजी कनेक्टिकटमधील वॉटरबरी या कारखान्यांच्या गावी झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले, वडील पितळेच्या कारखान्यात मजूर. तेरा भावंडांत मायकल थोरला. त्यांपैकी सहा भावंडे लहानपणीच दगावली. तेराव्या वर्षी शाळा सोडून मायकलही पितळेच्या कारखान्यात चमचे घडवण्याच्या विभागात कामाला लागला. सोळाव्या वर्षी धर्मगुरू होण्याच्या ओढीने तो कॅनडातील क्वेबेक प्रांतात शिकावयास गेला. १८७३ साली वडील वारले तेव्हा तो येशूसंघीयांकडे माँट्रियलला शिकत होता. शिक्षण टाकून तो घरी परतला. थोरल्या मुलाने अशा वेळी काय करावयाचे असते हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. पुढे बिशपांनी आर्थिक साहाय्य केले म्हणून बाल्टिमोरच्या सेंट मेरीज सेमिनरीत त्याचे शिक्षण पूर्ण झाले आणि २२ डिसेंबर १८७७ रोजी आर्चबिशप जेम्स गिबन्स यांच्या हस्ते त्याला गुरुदीक्षा मिळाली. विधवा आईच्या घरातून निघालेला हा धर्मगुरू पुढे विधवांच्याच प्रश्नात का गुंतला, याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

त्यांची पहिली नेमणूक न्यू हेवन शहरातील सेंट मेरीज चर्चमध्ये झाली. येल विद्यापीठाला लागून असलेल्या हिलहाउस अॅव्हेन्यू या श्रीमंत, प्रतिष्ठित रस्त्यावर हे दगडी चर्च १८७४ साली उभे राहिले होते. आयरिश स्वयंपाकिणींचे, मोलकरणींचे आणि गाडीवानांचे चर्च आपल्या दारात यावे, हे तेथील रहिवाशांना मुळीच रुचले नव्हते. १८७९ साली न्यूयॉर्कच्या एका प्रमुख दैनिकाने त्यावर वृत्तान्त छापला आणि रोमन चर्चच्या इमारतीमुळे एका खानदानी रस्त्याला कसा डाग लागला, अशा आशयाचा मथळा त्याला दिला. चर्चवर कर्जाचा मोठा डोंगर होता, मुख्य धर्मगुरूंची प्रकृती ढासळलेली होती. पंचविशीतील फादर मॅकगिव्हनींनी तरुणांसाठी दारूबंदी मंडळ चालवले, नाटके बसवली, सहली काढल्या. ते स्वतः विद्यार्थिदशेत बेसबॉल खेळत असत. पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका एकवीस वर्षांच्या तरुणाला ते तुरुंगात नियमाने भेटत राहिले आणि १ सप्टेंबर १८८२ रोजी फाशीच्या तख्तापर्यंत त्याच्यासोबत गेले.

परंतु त्यांच्या मनाला खरा घोर लागला तो वेगळाच. कारखान्यांतील काम धोक्याचे, घरे दाटीवाटीची, साथी वारंवार येणाऱ्या. बाप मेला की सरकारची कसलीही मदत नसे. विधवेला मुलांचा सांभाळ करण्याची ऐपत आहे हे न्यायालयाला पटले नाही तर मुले आईपासून तोडून संस्थेत पाठवली जात. न्यू हेवनमधील डाउन्स नावाच्या कुटुंबावर असाच प्रसंग आला. १८८२ च्या फेब्रुवारीत फादर मॅकगिव्हनी त्या घरातील आल्फ्रेड या मुलाचे पालकत्व स्वीकारण्यासाठी न्यायालयात उभे राहिले. जामीन भरला तो धर्मग्रामातील एका किराणा दुकानदाराने. परंतु एक धर्मगुरू आणि एक दुकानदार किती घरांना पुरे पडणार?

दुसरी अडचण श्रद्धेची होती. त्या काळी फ्रीमेसन आणि तत्सम गुप्त मंडळे आपल्या सभासदांना आजारपणात भत्ता आणि मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम देत असत. शिवाय तेथे मित्र मिळत, ओळखी होत, नोकरीत बढती मिळण्याची वाट सोपी होई. ख्रिस्तसभेने आपल्या लोकांना अशा मंडळांत जाण्यास मनाई केली होती. पोप तेरावे लिओ यांनी १८८४ साली फ्रीमेसनांविरुद्ध परिपत्रकच काढले. 'जाऊ नका' हे सांगणे सोपे असते. आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून ते नेहमी सांगतो. परंतु गरजू माणसाला एक दार बंद करताना दुसरे उघडून द्यावे लागते, हे फादर मॅकगिव्हनींना उमगले होते.

२ ऑक्टोबर १८८१ रोजी त्यांनी सेंट मेरीज चर्चच्या तळघरात धर्मग्रामातील काही पुरुषांना बोलावले. बैठका सुरू झाल्या. आधीपासून चालत असलेल्या एखाद्या कॅथॉलिक मंडळाची शाखा काढावी की आपलेच नवे मंडळ स्थापन करावे यावर खल झाला. बॉस्टन आणि ब्रुकलिन येथील मंडळांची चौकशीही केली गेली. अखेरीस स्वतंत्र संघटना काढण्याचे ठरले. फादरांनी 'कोलंबसचे पुत्र' हे नाव सुचवले होते. यादवी युद्धात लढलेले जेम्स मलन यांनी 'पुत्र' ऐवजी 'नाइट्स' हा शब्द पुढे केला आणि तो मान्य झाला. मलन पहिले प्रमुख झाले. फादर स्वतः प्रमुख झाले नाहीत, ते चिटणीस राहिले, आणि दोन वर्षांनी तेही पद त्यांनी एका प्रापंचिकाकडे सोपवून केवळ धर्मगुरू म्हणून संघटनेची सेवा केली. आमच्या मते ही बाब लहान नाही. मंडळ काढणारे धर्मगुरू पुष्कळ असतात. काढलेल्या मंडळाची सूत्रे प्रापंचिकांच्या हाती देऊन बाजूला होणारे विरळा. २९ मार्च १८८२ रोजी कनेक्टिकटच्या विधिमंडळाने संघटनेला सनद दिली.

त्याच वसंतात फादर मॅकगिव्हनींनी हार्टफर्ड धर्मप्रांतातील सर्व धर्मगुरूंना पत्र धाडले. गुप्त मंडळांत मिळतात तेवढे किंवा त्याहून अधिक लाभ आपल्या लोकांना आपल्याच घरी मिळावेत, हा पहिला हेतू त्यांनी त्यात मांडला. दुसरा हेतू असा की, धर्मप्रांतातील पुरुषांना एकत्र बांधावे, म्हणजे आजारपणात परस्परांना साहाय्य करता येईल, मृताचे सन्मानाने दफन करता येईल आणि त्याच्या कुटुंबाला पैशाचा आधार देता येईल. पत्रात ऐक्याबद्दल जे आले आहे ते हे एवढेच. त्यात तत्त्वज्ञानाचा आव नाही. एकट्याला उचलवत नाही ते ओझे पुष्कळांनी मिळून उचलायचे, हा त्याचा अर्थ. सुरुवातीची योजनाही तशीच सरळ होती. एक सभासद दगावला की उरलेल्या प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि जमलेली रक्कम त्याच्या घरी पोहोचवायची. तरुण आणि म्हातारा यांनी सारखाच डॉलर देणे हे विम्याच्या शास्त्रात बसत नव्हते. पुढे वयाप्रमाणे हप्ते ठरवावे लागले. परंतु आरंभीच्या त्या डॉलरात हिशेबापेक्षा शेजारधर्म अधिक होता.

येथे आपल्याकडील एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. वसईच्या शेतकऱ्यांना सावकाराच्या वहीतून सोडवण्यासाठी १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने बॅसिन कॅथॉलिक ही सहकारी संस्था उभी राहिली आणि तिची पुढे मोठी बँक झाली. न्यू हेवन आणि वसई यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तरीही दोन्हीकडे गरिबांच्या छोट्या रकमा एकत्र येऊन त्यांचे बळ झाले आणि दोन्हीकडे आरंभी एक धर्मगुरू होता.

प्रारंभीची चाल मंद होती. काही धर्मगुरूंनी नव्या संघटनेकडे संशयाने पाहिले, वृत्तपत्रांतून टीकाही झाली. दुसरी शाखा मेरिडेन येथे १८८३ साली निघाली, तर कनेक्टिकटबाहेरची पहिली १८८५ साली ऱ्होड आयलंड राज्यात. १८८४ च्या नोव्हेंबरात फादर मॅकगिव्हनींची थॉमस्टन या घड्याळांच्या कारखान्याच्या गावी मुख्य धर्मगुरू म्हणून बदली झाली. न्यू हेवनच्या लोकांना निरोप देताना अनेकांना अश्रू आवरले नाहीत असे त्या वेळच्या वृत्तांतात नोंदले आहे. १८९० च्या जानेवारीत, इन्फ्लुएन्झाची साथ जगभर पसरलेली असताना, त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातून ते उठले नाहीत. १४ ऑगस्ट १८९० रोजी, अडतिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, त्यांचा मृत्यू झाला. वॉटरबरीला त्यांच्या दफनविधीसाठी बहुतेक सर्व शाखांचे प्रतिनिधी आले होते.

आता नावाविषयी थोडे. १८८२ साली आयरिश मजुरांनी कोलंबसचे नाव का घ्यावे? उत्तर सोपे आहे. 'तुम्ही परके, तुम्ही पोपचे ताबेदार, तुम्ही खरे अमेरिकन नव्हे,' असे त्यांना उठता-बसता ऐकवले जात होते. या भूमीचा शोध लावल्याचे श्रेय ज्याला सारे अमेरिकन देत होते तो कॅथॉलिक होता, हे त्या नावातून सांगता येत होते. नावात आश्रय शोधणे ही दुबळ्या समाजाची जुनी रीत आहे. यानंतर पाचच वर्षांनी, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई आणि साष्टीच्या आपल्याच कॅथॉलिक बांधवांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. त्यामागेही नोकऱ्या आणि ओळख यांचाच प्रश्न होता. अशा नावांचे पुढे ओझे होते हेही खरे. कोलंबसाच्या आगमनाने मूळ रहिवाशांचा जो संहार सुरू झाला त्याची जाणीव अमेरिकेत वाढली आणि २०२० च्या जूनमध्ये खुद्द न्यू हेवन शहरानेच तेथील कोलंबसचा पुतळा हलवला. संघटनेने आपले नाव बदललेले नाही. नाव घेणाऱ्यांनी त्या काळी ते का घेतले हे समजून घ्यावे आणि ज्यांना ते बोचते त्यांचेही ऐकून घ्यावे, एवढेच आम्ही म्हणू.

परकेपणाचा आरोप नावाने मिटला नाही, उलट वाढला. १९१२ च्या सुमारास एक खोटी शपथ छापून गावोगाव वाटली जाऊ लागली. नाइट्सचे वरिष्ठ सभासद प्रॉटेस्टंटांचा आणि मेसनांचा उच्छेद करण्याची शपथ घेतात, असे त्यात लिहिले होते, आणि शपथेची भाषा अंगावर काटा आणणारी होती. १९१३ मध्ये एका निवडणूक वादाच्या निमित्ताने हा मजकूर अमेरिकन काँग्रेसच्या अधिकृत कामकाजात छापला गेला. तो बनावट आहे असे दाखवण्यासाठीच तो तेथे सादर झाला होता. परंतु द्वेषाचा धंदा करणाऱ्यांनी 'पहा, सरकारी कागदातच आहे' म्हणून त्याचा प्रचार केला. आपल्याकडे अशा पत्रकांचा अनुभव कोणाला नाही!

संघटनेने यावर दोन गोष्टी केल्या. १९१४ साली तिने धार्मिक पूर्वग्रहांच्या अभ्यासासाठी एक आयोग नेमला. लुईव्हिलचे उद्योजक पॅट्रिक हेन्री कॅलहन त्याचे अध्यक्ष होते. शिवीला शिवीने उत्तर न देता वृत्तपत्रांच्या संपादकांना माहिती पुरवणे, चुकीच्या मजकुराकडे लक्ष वेधणे असे त्याचे काम होते. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. कॅलिफोर्नियात नाइट्सनी आपले सर्व विधी आणि खऱ्या प्रतिज्ञा तपासण्यासाठी तेथील चार प्रतिष्ठित फ्रीमेसनांच्या स्वाधीन केल्या. त्यांत मेसनांचे माजी प्रमुख मोटली फ्लिंट हे होते. त्यांनी सारे वाचले आणि १९१४ मध्ये स्वाक्षऱ्यांनिशी जाहीर केले की, यात कोणाच्याही विरुद्ध काही नाही, फिरणारी शपथ खोटी आहे. ज्या मेसनांपासून आपल्या माणसांना दूर राखण्यासाठी फादर मॅकगिव्हनींनी मंडळ काढले, त्याच मेसनांची साक्ष बत्तीस वर्षांनी त्या मंडळाच्या कामी आली. फादर हयात असते तर हसले असते, असे आम्हांस वाटते.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. नाइट्सनी छावण्यांत आणि पुढे युरोपात सैनिकांसाठी विश्रांतिगृहे उघडली. तेथे पत्र लिहिण्यास कागद, गरम पेय, खेळ, पुस्तके आणि मिस्सेची सोय असे. दारावर पाटी होती: सर्वांचे स्वागत आणि सर्व काही मोफत. सैनिकाला धर्म विचारला जात नसे. काही इतर संस्थांनी आपल्या विश्रांतिगृहांत काळ्या सैनिकांसाठी वेगळी रेघ ओढली होती. नाइट्सनी ती ओढली नाही, याची नोंद त्या काळच्या कृष्णवर्णीय लेखकांनी आवर्जून केली आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात प्रॉटेस्टंट, कॅथॉलिक, ज्यू अशा सात कल्याणसंस्थांनी एकत्र येऊन निधी गोळा करण्याची मोहीम हाती घेतली, तिचे लक्ष्य सतरा कोटी डॉलरांचे होते. योगायोग असा की मोहीम ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्ध थांबले त्याच दिवशी, सुरू झाली. तरीही लक्ष्याच्या वर रक्कम जमली. मंडळाच्या सभासदांपुरती असलेली एकी या काळात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उंबरठा ओलांडून बाहेर आली. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी रोजगार कार्यालये आणि सायंशाळा निघाल्या. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या इच्छेवरून रोममधील मुलांसाठी खेळाची मैदानेही झाली.

मग १९२० चे दशक उजाडले आणि कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेष्टी संघटना नव्याने फोफावली. काळे, ज्यू आणि कॅथॉलिक हे तिघेही तिचे शत्रू. १९२२ साली ऑरेगन राज्यात मतदानाने असा कायदा झाला की आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. म्हणजे धर्मभगिनींच्या शाळांना कुलूप. या कायद्यामागे क्लॅनचे बळ होते. येशू आणि मरिया यांच्या पवित्र नावांच्या धर्मभगिनींनी न्यायालयात धाव घेतली. त्यांच्याबरोबर एक खाजगी लष्करी शाळाही होती, तिचा कॅथॉलिकांशी संबंध नव्हता. नाइट्सनी या खटल्याला पैशाचे पाठबळ दिले. १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला. मूल हे केवळ राज्याचे नसते, त्याला वाढवण्याची दिशा ठरवण्याचा हक्क आईबापांचा आहे, असा त्या निर्णयाचा गाभा. आपल्या संविधानातील तिसाव्या अनुच्छेदाने शाळा चालवण्याचा जो हक्क अल्पसंख्याकांना दिला आहे त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या शाळांत आपली मुले शिकतात. त्यांच्या पालकांना हा खटला परका वाटू नये.

याच काळात नाइट्सच्या इतिहास आयोगाने एक धाडसी ग्रंथमाला काढली. अमेरिका घडवण्यात वेगवेगळ्या लोकसमूहांनी काय दिले हे सांगणे हा तिचा उद्देश. १९२४ साली तीन पुस्तके आली. एक जर्मनांवर, एक ज्यूंवर आणि तिसरे 'द गिफ्ट ऑफ ब्लॅक फोक', ज्याचे लेखक होते कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. ड्यू बॉइस कॅथॉलिक नव्हते. क्लॅनच्या भरभराटीच्या काळात एका कॅथॉलिक मंडळाने हे पुस्तक लिहवून घ्यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आणि तरीही, ज्या मंडळाने ड्यू बॉइस यांचे पुस्तक प्रसिद्ध केले त्या मंडळाच्या बहुतेक शाखांत काळा कॅथॉलिक सभासद होऊ शकत नव्हता. घटनेत तसा नियम कोठेही लिहिलेला नव्हता, आणि उत्तरेत तुरळक अपवादही होते. परंतु नवा अर्ज आला की शाखेत गुप्त मतदान होई. विरोधाची मोजकी काळी गोळी पडली की अर्ज फेटाळला जाई. शंभरांच्या शाखेत पाच माणसे पुरेशी होती. कोणाला कारण द्यावे लागत नसे, कोणाचे नाव पुढे येत नसे. पंच्याण्णव जण मनाने भले असले तरी पाचांच्या भिंतीआड ते निवांत राहत. अशा निवांतपणाला भलेपणा म्हणावे काय, हा प्रश्न आम्हांस छळतो. आपल्या धर्मग्रामांतही कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी अशी जुनी विभागणी लग्नाच्या बोलण्यात अद्याप डोके वर काढते. तीही कोणत्या नियमात लिहिलेली नाही.

काळ्या कॅथॉलिकांनी वाट पाहत बसण्याचे नाकारले. ७ नोव्हेंबर १९०९ रोजी अलाबामा राज्यातील मोबिल शहरात काही जोसेफाइट धर्मगुरू आणि प्रापंचिक यांनी मिळून 'नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हर' ही संघटना स्थापन केली. संस्थापकांत फादर जॉन हेन्री डॉर्सी हे स्वतः कृष्णवर्णीय धर्मगुरू होते. कार्ताहेना बंदरात उतरवल्या जाणाऱ्या आफ्रिकी गुलामांची सेवा करण्यात आयुष्य वेचलेल्या येशूसंघीय संत पीटर क्लेव्हर यांचे नाव त्यांनी घेतले. काम तेच: आजारात मदत, दफनाचा खर्च, विधवांना आधार, मुलांना शिष्यवृत्ती. फादर मॅकगिव्हनींचा तो डॉलर येथेही फिरू लागला, फक्त वेगळ्या पेटीत.

नाइट्स ऑफ कोलंबसची ही भिंत हलली ती १९६० च्या दशकात. देशाला पहिला कॅथॉलिक राष्ट्राध्यक्ष मिळाला होता; जॉन केनेडी हे स्वतः नाइट होते. परकेपणाचा आरोप आता कोणी उघडपणे करत नव्हता. म्हणजे ज्यांना एके काळी दारात उभे केले नव्हते ते आता घराचे मालक झाले होते, आणि दाराशी कोण उभे आहे हे पाहण्याची पाळी त्यांची होती. १९६३ मध्ये शिकागोच्या एका शाखेने नोत्र दाम विद्यापीठाच्या एका कृष्णवर्णीय पदवीधराचा अर्ज नाकारला. त्या शाखेच्या काही पदाधिकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले आणि गोष्ट वर्तमानपत्रांत गेली. या पदाधिकाऱ्यांना आम्ही मानतो. भिंतीआड निवांत राहण्याऐवजी त्यांनी खुर्ची सोडली.

१९६४ साली संघटनेचे वार्षिक अधिवेशन न्यू ऑर्लिन्स येथे भरायचे होते. नवे प्रमुख जॉन मॅकडेव्हिट यांना कळले की ठरवलेले हॉटेल केवळ गोऱ्यांना प्रवेश देते. अधिवेशन दुसरीकडे हलवू, असे त्यांनी बजावले. हॉटेलने आपला नियम बदलला. त्याच अधिवेशनात प्रवेशाचा नियमही बदलला: यापुढे मत देणाऱ्यांपैकी किमान एक तृतीयांश विरोधात असल्याखेरीज कोणाचा अर्ज फेटाळता येणार नाही. १९७२ मध्ये तोही सैल करून बहुमताची अट घातली गेली. पाच गोळ्यांचे राज्य संपले.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येईल. रक्तदान, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी निधी, १९६८ पासून स्पेशल ऑलिम्पिक्स या क्रीडास्पर्धांना मनुष्यबळ, गरजूंना चाकांच्या खुर्च्या, युद्धामुळे २०२२ मध्ये युक्रेनमधून पोलंडच्या सीमेवर आलेल्या कुटुंबांसाठी मदतकेंद्रे. विम्याचा व्यवसाय एवढा वाढला की आज त्याची उलाढाल पाहून काही टीकाकार ही सेवासंस्था की विमा कंपनी असा प्रश्न करतात. संघटनेच्या राजकीय भूमिकांबद्दलही अमेरिकन कॅथॉलिकांत मतभेद आहेत. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी हार्टफर्डच्या कॅथीड्रलमध्ये फादर मॅकगिव्हनी यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्या वर्षी पुन्हा जगभर साथ होती आणि मुखपट्टी लावलेले मोजकेच भाविक आत बसू शकले. त्यांचे अवशेष वॉटरबरीहून आणून न्यू हेवनच्या सेंट मेरीज चर्चमध्ये ठेवलेले आहेत, त्याच एके काळच्या 'डागाळलेल्या' रस्त्यावर.

नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हर ही संघटनाही थांबली नाही आणि दुसरीत विलीनही झाली नाही. तिच्यात स्त्रियांचा आणि मुलामुलींचा वेगळा विभाग आहे. तिचे मुख्यालय न्यू ऑर्लिन्समध्ये आहे, ज्या शहरात १९६४ साली हॉटेलचे दार उघडले त्याच शहरात.